नकुशी ऊर्फ

टाइपरायटरचा ‘न’ अडकतो. बाकी अक्षरं बरी आहेत.

शिरूरच्या स्टँडवर दौंडची गाडी आठ दहाला लागते असं पाटीवर लिहिलंय. पाटी कुणी वाचत नाही.

कवठे येमाईच्या पुढं ओढ्याकाठी शेंडग्यांची वस्ती आहे. तिथं एक शब्द तोंडातून काढायला सहा वर्षांपासून बंदी आहे.

चार, चार, सात, एक. टेम्पोचा नंबर.

अकरा मेंढरं.

फॉर्मवरचा सातवा रकाना : ‘यापूर्वीचे नाव असल्यास’. कोरा.

पोलीस शिपाई रविराज कोरेकर, राहणार न्हावरे, याचं अक्षर फार म्हणजे फारच वाईट होतं.

तर त्या वाईट अक्षरापासूनच सुरुवात करायला हवी, कारण ते चांगलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. दोन हजार तीनचा ऑक्टोबर होता. परतीचा पाऊस काहीतरी विसरून गेल्यासारखा रोज दुपारी पुन्हा यायचा. शिरूरच्या कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली हर्षदा शेंडगे टाइपरायटर घेऊन बसायची. शेजारी आनंदराव स्टॅम्पवाले. पाऊस आला की तो स्टॅम्पपेपर पोटाशी धरायचा आणि ती मशीनवर युरियाच्या गोणीचा कागद टाकायची.

वॉरंट म्हटलं की लोकांच्या तोंडचं पाणी पळतं. हर्षदाचं तसं नव्हतं. दिवसाला तीन-चार तरी माणसं धापा टाकत यायची — “ताई, माझं वॉरंट निघालंय म्हणं!” ती मान वर न करता विचारायची, “कुठल्या कोर्टाचं? केस नंबर काय? पुढची तारीख कधी?” तिन्ही माहीत नसलं तर आधी चौकीवर जाऊन बघून या म्हणायची. माहीत असलं की मग अर्ज. अर्जदार आजारी होता, अर्जदाराची गाडी चुकली, अर्जदाराला समन्स मिळालंच नाही. पुढच्या वेळी अर्जदार न चुकता हजर राहील, तरी वॉरंट रद्द व्हावं, ही विनंती. हे तिचं इतकं पाठ होतं की झोपेतही टाइप केलं असतं.

“मॅडम, एक रिपोर्ट करून देता का?”

तिनं वर पाहिलं. भिजलेला खाकी शर्ट, आणि कानामागं अडकवलेलं पेन — जे बहुधा कामाचं नव्हतं.

“पोलीस हाताने लिहितात ना?”

“मी लिहिला तर साहेब परत पाठवत्यात. म्हणत्यात, कोरेकर, हे मराठी हाय का मुंग्या?”

ती हसली. त्याच्या टोपीतून टपटप पाणी गळत होतं. “टोपी तिकडं धरा. कार्बन भिजतोय.”

त्यानं टोपी तिकडं धरली. तिकडं आनंदराव होता.

“अरे ए! स्टॅम्प हाय तो! सरकारी कागद भिजवतो व्हय रं, सरकारचा माणूस असून?”

टोपी शेवटी छातीशी धरून तो उभा राहिला आणि सांगू लागला. “माननीय न्यायदंडाधिकारी साहेब, दौंड, यांचे सेवेशी… सविनय सादर करण्यात येते की, साक्षीदार नामे नकुशी म्हस्कू शेंडगे, वय अंदाजे बावीस, राहणार कवठे येमाई…”

टकटक थांबली.

“काय झालं?”

“‘न’ अडकला.”

ते खरंच होतं. पण ते सगळं नव्हतं.

तो वाकून मशीनमध्ये पाहू लागला. त्याच्या ओल्या केसांना पावसाचा आणि कुठल्यातरी साबणाचा वास होता… हर्षदानं बोटाने खिळा मागं ढकलला. “सांगा पुढं.”

“…हिचा नमूद पत्त्यावर वेळोवेळी शोध घेतला असता, ती मिळून आली नाही.”

तिनं टाइप केलं. एकही चूक न करता. दिवसभर दुसऱ्यांचीच नावं टाइप करणाऱ्या हर्षदानं आज पहिल्यांदा स्वतःबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, आणि ते हे होतं.

“काय केलंय हिनं?” कागद ओढत तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

“काय न्हाई ओ. साक्षीदार हाय. दौंडच्या रस्त्याला टेम्पो घुसला मेंढरांत, शहाण्णव साली. अकरा मेंढरं मेली, बापाचा पाय गेला. हिनं नंबर वाचला व्हता. समन्स काढली, मिळंना. म्हणून वॉरंट. सतरा तारखेला आली न्हाई तर बिनजामीन निघंल.” मग तो स्वतःशीच म्हणाला, “पण नकुशी… असलं नाव ठेवतं का कुणी पोरीला?”

ठेवतात. तीन मुलींवर चौथी झाली की ठेवतात. आता पुरे, पुढची नको, हे देवाला नीट कळावं म्हणून. दहावीच्या फॉर्मच्या वेळी तिनं हेडमास्तरांच्या पाया पडून नाव बदलून घेतलं होतं. रीतसर, गॅझेटात छापून. आणि त्याच दिवशी अख्ख्या वस्तीला येमाईची शपथ घातली होती : जुनं नाव पुन्हा कुणाच्या तोंडून येता कामा नये. टेम्पोचा जबाब त्याच्या आदल्या वर्षीचा. तो ती विसरूनच गेली होती. जबाब मात्र तिला विसरला नव्हता.

आणि पाचच दिवसांपूर्वी तिला पुण्याच्या एका सरकारी कचेरीतून पत्र आलं होतं. लिपिक-टंकलेखक म्हणून निवड. वीस तारखेच्या आत पडताळणीचा फॉर्म. त्यात अकरावा प्रश्न होता : आपणाविरुद्ध कोणतेही वॉरंट प्रलंबित आहे काय? तिनं ऐटीत ‘नाही’ लिहून ठेवलं होतं, आणि सातवा, जुन्या नावाचा रकाना कोरा.

म्हणजे आता असं होतं. वॉरंट तसंच राहिलं, तर नोकरी गेली. रद्द करायचं, तर दौंडच्या भरल्या कोर्टात त्या नावाचा पुकारा व्हायचा, आणि तिला सगळ्यांसमोर उठून म्हणावं लागायचं — हो, ती नको असलेली मीच. आणि वॉरंट घेऊन हाच माणूस तिथं उभा असायचा.

हा कोण लागतो आपला, असं तिनं स्वतःला विचारलं. पंधरा मिनिटांपूर्वी ओळख झालेला. ओल्या टोपीचा. मग त्याच्यासमोर एवढं काय…

तिनं कार्बन सोडवून दोन्ही प्रती त्याच्यापुढं केल्या.

“किती द्यायचे?” त्यानं विचारलं.

“राहू द्या. ‘न’ नीट उठला नाही.”

*

अर्ज. वॉरंट रद्द होणेबाबत.

अर्जदार नामे हर्षदा (खोडलं)

अर्जदार नामे न (खिळा अडकला. कागद फाडला.)

*

त्यानं रिपोर्ट सादर केलाच नाही. दोन दिवसांनी तो भेळेची पुडी घेऊन हजर. “म्हणलं, अजून एकदा जाऊन बघावं वस्तीवर.”

“सापडली?”

“न्हाई. बाप बी मेंढरामागं रानात. पण एक म्हातारी भेटली, कुशाबाई. म्हणली, असल्या नावाचं आमच्यात कुणी न्हाई. आन् मला पाणी देता देता रडायलाच लागली. म्हणली, व्हती बाबा एक. लांडग्याच्या तोंडातनं कोकरू वढून आणलं व्हतं तिनं.”

हर्षदाच्या बोटांखाली तीन अक्षरं एकदम दाबली गेली आणि खिळे एकमेकांत गुंतले.

“लांडगा नसेल. कुत्रं असेल.”

“तुम्हाला काय ठावं?”

“…अंदाज.”

त्यानं भेळेतला कांदा बाजूला काढून तिच्याकडं सरकवला. आपल्याला कांदा आवडतो हे याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. त्याला कांदा आवडत नव्हता, एवढंच. पण ते तिला फार उशिरा कळलं, आणि तोवर तिनं त्यावर बराच विचार करून ठेवला होता.

मग तो येतच राहिला. कधी वॉरंट घेऊन, कधी नुसताच. प्रत्येक वेळी त्या म्हातारीनं नाव न घेता सांगितलेली एखादी गोष्ट घेऊन यायचा. नकुशीनं शाळेच्या वाटेवरच्या विहिरीत उडी मारून दप्तर काढलेलं. नकुशी मेंढरांना पाढे म्हणून दाखवायची. हे सांगताना त्याचे डोळे असे व्हायचे की हर्षदाचा जीव वरखाली व्हायचा, आणि मग तिच्या ध्यानात यायचं, की ज्या पोरीबद्दल हे डोळे असे होतायत ती पोरगी… आणि मग तिला रागच यायचा. कुणाचा, ते कळायचं नाही.

“फारच आवडलेली दिसते तुम्हाला.” ती एकदा फटकन् म्हणाली.

“कोण?”

“तुमची वॉरंटवाली.”

“मी बघितली बी न्हाई तिला!”

“म्हणूनच.”

पाऊस ताडपत्रीच्या पोटात साठून एका कडेनं धो धो कोसळला. “डोक्यातनं जात न्हाई, एवढं खरं,” तो म्हणाला. “आन् हे तुमच्याशिवाय सांगावं कुणाला… म्हंजी तुमच्याकडं आलं की… तसं न्हाई… मलाच काय कळंना झालंय बघा.”

“मला तरी कुठं कळतंय,” हर्षदा म्हणाली.

“मला कळतंय,” आनंदराव स्टॅम्प मोजता मोजता म्हणाला, “पण मला कोण इचारतंय!”

*

रविवारी ती वस्तीवर गेली. कुशाबाई, म्हणजे तिची आत्या, अंगणात घोंगडीचं सूत उकलत बसली होती.

“आत्या, पोलीस आलता?”

“पाचदा.”

“आन् तुम्ही काय सांगितलं?”

“तेच. त्या नावाचं आमच्यात कुणी न्हाई.” आत्यानं अभिमानानं मान वर केली. “समद्या वस्तीनं येकच सांगितलं. बारकी पोरं बी फुटली न्हाईत.”

“अगं पण पोलिसाला तरी!”

“पोलिसाला सांगायचं आन् आपसांत न्हाई, आसं तू कुठं म्हणलीवतीस? येमाईची शपथ घातलीस. आमी पाळली.”

हर्षदा सुताच्या ढिगाशेजारी बसली. “आन् रडलीस कशापायी?”

आत्या सूत उकलत राहिली. गाठ सुटेना. “त्ये नाव म्याच ठेवलं व्हतं गं,” ती म्हणाली. “त्या पोलिसानं येवढ्या येळा घेतलं… आन् चांगल्या तोंडानं घेतलं. त्ये नाव कुणी तसं घेत न्हाई.”

तेवढ्यात म्हस्कू आला, लंगडत, खांद्यावर कोकरू. त्यानं सगळं ऐकलं आणि कोकरू खाली ठेवलं.

“म्हंजी केस तुझ्यापायी अडकली व्हय? कोर्टात नुसती पुढली तारीख सांगत्यात, कशापायी त्ये कुणी सांगत न्हाई. सात वर्सं मी त्या टेम्पोवाल्याला शिव्या देतोय! त्यो बिचारा परत्येक तारखेला येतोय. आता तर आमी दोघं मिळून च्या पितो!”

“आबा, मला काय माहीत…”

“मग सतराला चल की माझ्यासंगं. त्योच नंबर हाय का, न्हाई का, तेवढं सांग.”

तिनं कोकरू उचलून मांडीवर घेतलं. फॉर्मचं, नोकरीचं त्याला माहीत होतं. दुसरं, त्या पोलिसाचं, कसं सांगायचं?

*

अर्ज. वॉरंट रद्द होणेबाबत.

१) अर्जदार नामे नकुशी म्हस्कू शेंडगे ऊर्फ हर्षदा म्हस्कू शेंडगे ही वरील प्रकरणी साक्षीदार आहे. (ऊर्फ : चोरांच्या नावात असतो. बब्या ऊर्फ बबन. आता माझ्यात.)

२) अर्जदारास समन्स मिळाले नाही, कारण अर्जदार त्या नावाने राहत नाही. (कारण अर्जदाराने त्या नावाला घराबाहेर काढले.)

३) अर्जदार बुद्धिपुरस्सर गैरहजर राहिलेली नाही. (गेले बारा दिवस मात्र राहिली आहे. एका इसमासमोर, रोज.)

कंसातलं तिनं टाइप केलं नाही.

*

सतरा तारखेला म्हस्कू पहाटेच्या दुधाच्या गाडीनं पुढं गेला होता. हर्षदा स्टँडवर आली तर दौंडच्या गाडीत खिडकीशी रविराज. हातात खाकी लिफाफा.

“तुम्ही? दौंडला?”

“काम आहे. कोर्टात.”

“माझं बी. हे परत करायचंय.” त्यानं लिफाफा दाखवला. “तुम्हीच टाइप केलेला रिपोर्ट जोडलाय. बसा की.”

ती बसली. दोघांच्या मध्ये तिची पर्स, पर्समध्ये अर्ज. आत्ता सांगावं… आत्ता. न्हावरं आलं. त्यानं काचेवर बोट टेकवून उसाच्या पलीकडलं एक पत्र्याचं घर दाखवलं. “ते आमचं. आई आत्ता गोठ्यात असंल.” ती पत्रा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली, आणि सांगायचं राहिलं.

“एक इचारू?” तो म्हणाला. “एका माणसाला एकाच वेळी दोन पोरी आवडल्या, तर तो वाईट माणूस का?”

“अटक करावा असा.”

“मी बी तेच म्हणतो. एक रोज दिसती, तिला काय बोलायची छाती होत न्हाई. दुसरी दिसतच न्हाई, तर तिच्याशी मनातल्या मनात दिवसभर बोलतो. आज रिपोर्ट दिला की दुसरीचा विषय मिटवायचा, असं ठरवलंय.”

“मिटवा,” ती म्हणाली. “म्हणजे… नका मिटवू. म्हणजे, मला काय विचारता!”

गाडी खड्ड्यात आदळली आणि पर्स त्याच्या मांडीवर गेली. त्यानं ती जपून, दोन्ही हातांनी परत दिली.

*

दौंडच्या कोर्टात बाकं भरलेली. म्हस्कू पुढं बसला होता, टेम्पोवाल्याच्या शेजारी. हर्षदा मागं भिंतीला टेकून. रविराज दाराशी लिफाफा घेऊन ताठ उभा.

पट्टेवाल्यानं दारात जाऊन आवाज दिला. “नकुशी म्हस्कू शेंडगेऽऽ”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन् हसलं. हर्षदा भिंतीला टेकूनच राहिली.

“नकुशी म्हस्कू शेंडगेऽऽ”

रविराज लिफाफा उघडत पुढं निघाला. म्हस्कूनं मागं वळून पाहिलं. हाक नाही मारली, नुसतं पाहिलं. आणि हर्षदाला दिसलं की रविराज हसणाऱ्या माणसाशी थांबलाय आणि त्याच्याकडं असा बघतोय की त्याचं हसू तोंडातच विरलं. त्या नावासाठी. ज्या पोरीला तो कधी भेटला नव्हता, तिच्यासाठी.

“नकुशी म्हस्कू —”

“हजर.”

सगळं कोर्ट वळलं. रविराज वळला, आणि त्याच्या हातातला लिफाफा तसाच राहिला.

जज मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “हवालदार, तुमचा अहवाल म्हणतो मिळून आली नाही.”

“व्हय मॅडम… न्हाई मॅडम… म्हंजी ह्या तर… ह्या टायपिस्ट हायत!”

“हा अहवाल कुणी टाइप केला?”

“मी,” हर्षदा म्हणाली.

“तुम्ही मिळून आला नाहीत, हे तुम्हीच टाइप केलंत?”

“सांगतील तसं टाइप करते, मॅडम. त्यात बदल करत नाही.”

कोर्ट हसलं. यावेळी तिला त्याचं काही वाटलं नाही. मॅडमही हसू दाबत अर्ज वाचू लागल्या. बराच वेळ वाचला. मग एवढंच म्हणाल्या, “पुन्हा असं करू नका,” आणि अर्जावर दोन शब्द लिहिले : वॉरंट रद्द.

साक्षीला दहा मिनिटं लागली. पूर्ण नाव विचारलं तेव्हा तिनं दोन्ही सांगितली, मधल्या शब्दासकट. टेम्पोचा नंबर सांगितला : चार, चार, सात, एक. ‘बरोबर’ असं म्हणून टेम्पोवाल्यानंही मान डोलावली, आणि त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

*

बाहेर रविराज नव्हता. कँटीनपाशी नव्हता, झेरॉक्सपाशी नव्हता. आता हिनं त्याला शोधायचं होतं. तो सायकलस्टँडच्या मागं सापडला, पावसात, पत्र्याच्या आडोशाला न जाता उभा.

“भिजताय.”

“एकच व्हता व्हय तुम्ही?” तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

“एकच.”

“बारा दिवस! आन् मी गाडीत काय काय बोललो…”

“ऐकलं.”

“एकदा तरी सांगायचं!”

“सांगणार होते. रोज. पण तुम्ही तिच्याबद्दल बोलायला लागलात की मला… मला तिचा हेवा वाटायचा. मी ते नाव टाकून दिलं होतं, आणि तुम्ही ते उचलून पुसून रोज माझ्यासमोर ठेवत होता. मी काय करायचं?”

तो वळला. रागावलेला चेहरा करायचा त्याचा बेत होता, पण तो काही जमला नाही.

“आता हाक कशी मारायची तुम्हाला?”

“तुम्हाला कशी मारायचीय?”

“मला इचाराल तर…” त्यानं घसा साफ केला. “आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरत्यात. नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो.”

“आमच्यातही लिहितात.”

“मी न्हाई लिहिणार. तिसरं नाव कशाला? दोन सांभाळता सांभाळता माझी…” आपण काय बोलून गेलो हे त्याला आत्ता कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “म्हंजी… समजा हां. कधी तशी येळ आलीच तर…”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. हर्षदानं पदर डोक्यावरून पुढं ओढला, उगाच, दोन क्षण तोंड लपवायला.

“तांदूळ पसरा तुम्ही,” ती म्हणाली. “लिहायचं मी बघते.”

“काय लिहाल?”

“ते त्या दिवशी वाचा.”

कोर्टाच्या फाटकातून म्हस्कूची हाक आली. “आगं ये पोरी, शिरूरची गाडी लागली! सुटलीस न्हवं तू? मग त्यो पोलीस का आडवून उभा हाय अजून?”

“आलेच, आबा!” ती म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ गेली नाही.

ती जन्मली त्या दिवशी, एक्क्याऐंशी सालच्या एका गुरुवारी, म्हस्कू मेंढरं घेऊन दौंडच्या बाजाराला आला होता. चौथीही मुलगीच झाल्याचा निरोप मिळाला तेव्हा, तिचं नाव ठेवायच्या आधीच, त्यानं तिथल्याच एका सराफाकडून तान्ह्या बाळाचे चांदीचे वाळे घेतले.